निळा आला का?

टपालकाका गेली कित्येक वर्षं आतषबाजीचे गोळे बनवत होते आणि त्यांतला एकही त्यांनी फुटताना पाहिलेला नव्हता.

हे सांगितलं की लोकांना वाटायचं, काकू नवऱ्याची थट्टा करतायत. थट्टा कसली, नियमच तसा होता. वस्तीबाहेरच्या बंद पडलेल्या दगडांच्या खाणीत त्या हौशी मंडळींचं मंडळ होतं, रीतसर परवाना काढलेलं. त्या मंडळाचा पहिला नियम असा की ज्याचा गोळा त्यानंच पेटवायचा. आपण केलेल्या उद्योगापाशी दुसऱ्याला पाठवायचं नाही. आणि दुसरा असा की वात पेटली की वाळूच्या पोत्यांमागे जाऊन बसायचं. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर हात, नजर जमिनीवर. आभाळातून कागदाची शेवटची चिंधी खाली येईपर्यंत मान वर करायची नाही. म्हणजे महिनोन्‌महिने कागद गुंडाळा, खळ लावा, वाळवा, तान्ह्या पोरासारखं जपा, आणि तो वर जाऊन उघडला की आपण खाली बसून स्वतःचे बूट बघा.

बाकीचे बघायचे, टाळ्या वाजवायचे, घरी जायचे. टपालकाकांच्या वाट्याला यायचा तो आवाज, आणि मागाहून काकूंनी केलेलं वर्णन.

मंडळातल्या प्रत्येकाचं असं कुणी ना कुणी बघणारं माणूस असायचं. पण एकेकाचं नशीब. मंडळाचे प्रमुख होते दातांचे डॉक्टर. त्यांची बायको दरवर्षी "छान होतं हो" एवढंच सांगायची. एकदा तर डॉक्टरांचा गोळा उडालाच नव्हता, तरी ती छान होतं म्हणाली. त्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं.

काकूंचं तसं नव्हतं. काकू घरी शिलाईकाम करायच्या. कपडे सैल करणं, घट्ट करणं, उंची कमी करणं, पडदे, कोटाची अस्तरं. गिऱ्हाइकानं बटण दाखवावं, काकूंनी एकदा निरखून परत द्यावं, आणि बाजारातून नेमका त्या रंगाचा दोरा आणावा, बटण बरोबर न नेता. काळ्यातले चार काळे त्यांना वेगवेगळे दिसायचे. त्यामुळे टपालकाका पोत्यांमागून धापा टाकत आले की काकू त्यांना सगळं सविस्तर सांगायच्या.

"उघडला चांगला. पण डावीकडे तारे दाट आणि उजवीकडे विरळ. चुण्या सारख्या न घातल्यासारखं."

"आणि रंग? निळा आला का?"

"हिरवट होता."

"हिरवट म्हणजे निळ्यातला हिरवट की हिरव्यातला?"

"अहो, हिरवट म्हणजे हिरवट. सूट मागू नका."

असं दरवर्षी. कधी हिरवट, कधी जांभळा, एकदा नुसताच पांढरा. लाल येतो, सोनेरी येतो, हिरवा तर न बोलावता येतो. निळा मात्र भारी नखरेल. आच जराशी जास्त झाली की उडून जातो, कमी पडली की उजळत नाही. मंडळातल्या कुणालाच तो जमला नव्हता. बाकीच्यांनी नाद सोडला, टपालकाकांनी धरून ठेवला.

त्या नादापायी अंगणातली मागची खोली गेली होती. खाणीतल्या शेडमध्ये रसायनांचं काम व्हायचं, ते घरी आणायला सक्त मनाई. पण कागदाचं काम घरचं. खोलीभर पुठ्ठ्याच्या नळ्या, खळीची भांडी, दोरीवर वाळत टाकलेले अर्धगोल. काकूंना तिथे शिवणाचा क्लास काढायचा होता. कापडासाठी लांब टेबल, चार मशीन, खिडकीपाशी उजेडाला आरसा, सगळं ठरलेलं. पुढच्या खोलीत एका मशीनवर वाकून त्यांची पाठ धरायची. शेवटी एके दिवशी त्यांनी कात्री खाली ठेवली आणि विषय काढला. तेव्हा टपालकाकांनी शब्द दिला होता.

"निळा आला की सोडलं सगळं. त्या दिवशी खोली तुझी."

"आणि आला की नाही ते ठरवणार कोण?"

"तूच. तुझ्यासारखी नजर आहे का कुणाची?"

आता गंमत बघा. खोली मिळणार काकूंना, आणि निळा आला की नाही ते सांगणारही काकूच. दुसरी एखादी पहिल्याच वर्षी म्हणाली असती, आला हो निळा, आवरा तुमचा पसारा. मोबाइलचा पुरावाही आड येत नव्हता. मोबाइलमध्ये असले रंग धुतल्यासारखे पांढरे दिसायचे, म्हणून डॉक्टर सगळ्यांचे मोबाइल दारातच टोपलीत ठेवून घ्यायचे. पण रंगाच्या बाबतीत खोटं बोलणं काकूंना जमतच नव्हतं. वर्षामागून वर्षं त्या हिरवट, जांभळा, पांढरा असं खरं खरं सांगत राहिल्या आणि पुढच्या खोलीत पाठ धरून शिवत राहिल्या.

मग टपालकाका निवृत्त झाले.

टपालकाका सगळी नोकरी पत्रं निवडण्याच्या खोलीत बसले होते. समोर भिंतभर खण, हातात पत्रांचा गठ्ठा नव्हे, पत्त्यांचा. पत्ता वाचायचा, खणात टाकायचं. निवृत्त झाल्यावर पहिले काही आठवडे बरे गेले, कारण सकाळी उठले की मागच्या खोलीत, नाहीतर खाणीत. घरात फक्त जेवायला. काकूंना वाटलं, निवृत्तीचा लोक उगाच बाऊ करतात.

पण मंडळाचा तिसरा नियम त्या विसरल्या होत्या. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी गोळे डॉक्टरांच्या ताब्यात द्यायचे, डॉक्टर ते खाणीतल्या कोठीत कुलपात ठेवणार. आणि त्या महिन्यात कुणी कसलंही काम करायचं नाही, घरी कागदसुद्धा गुंडाळायचा नाही. कारण एकदा हात लागला की माणूस शेवटपर्यंत काहीतरी सुधारत बसतो आणि सुधारता सुधारता बिघडवतो. दरवर्षी हा महिना यायचा आणि जायचा, टपालकाका कचेरीत असायचे. यंदा ते घरात होते.

पहिल्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र वाचलं. ते संपल्यावर काकूंना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी काकू बाजारातून आल्या तर शिलाई मशीनच्या मागची भिंत खणांनी भरलेली. पुठ्ठ्याचे खण, एकसारखे, कडा कागदानं मढवलेल्या. आणि खणाखणांत दोऱ्यांची रिळं.

"हे काय हो?"

"तुझ्या टोपलीत सगळं एकात एक होतं. निवडून ठेवलं."

काकूंना खरंच बरं वाटलं. खण देखणे होते. त्या कामाला बसल्या. "जरा लाल द्या बघू," त्या म्हणाल्या.

"कुठला लाल? बाजारातला की स्टेशनमागचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे गिऱ्हाईक कुठलं? स्टेशनमागच्या त्या बेकरीवाल्याच्या पडद्यांचा लाल तिसऱ्या रांगेत आहे. बाजारातल्या बाईंच्या झग्याचा वर."

काकूंनी भिंतीकडे नीट पाहिलं. टपालकाकांनी रिळं रंगानं लावली नव्हती, पत्त्यानं लावली होती. एकेका गल्लीला एकेक खण. नुसती रिळंच नाही, शिवायला आलेले कपडेसुद्धा. दोन भावांचा एकाच कापडाचा सूट होता, एक भाऊ पुलाअलीकडे राहायचा, एक पलीकडे. चार बाह्या होत्या, त्या त्यांनी दोन्ही काठांना वाटून दिल्या होत्या. उजव्या अलीकडे, डाव्या पलीकडे.

"अहो, दोरा कुणाच्या घरी राहतो हे मला काय करायचंय? मला रंग हवा असतो."

"पण शेवटी पोचायचं घरीच ना?"

काकूंनी आणि टपालकाकांनी मिळून सगळं परत निवडलं. म्हणजे काकूंनी निवडलं आणि टपालकाकांनी दर रिळामागे एक शंका विचारली.

मग गिऱ्हाइकं सुरू झाली. बँकेतल्या बाई स्कर्ट कमरेत सैल करून घ्यायला आल्या. टपालकाका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"मागच्या वेळीही हाच सैल केला होता ना?" ते आपुलकीनं म्हणाले.

बँकेतल्या बाईंनी पिशवी उचलली आणि त्या निघाल्या. स्कर्ट काही ठेवून गेल्या नाहीत.

"मी चुकीचं बोललो का?" टपालकाकांनी विचारलं. "पत्ता लक्षात राहतो तसं माप लक्षात राहतं माझ्या."

"तेच तर. लक्षात ठेवा, पण पोचवू नका."

काकूंची नणंद दोन गल्ल्या सोडून राहायची. अधूनमधून चहाला यायची. तिनं खण बघितले आणि तिचा ऊर भरून आला.

"माझा भाऊ लहानपणापासून असाच. मदत केल्याशिवाय चैन नाही पडत त्याला."

"वन्सं, थोडे दिवस घेऊन जाता का त्यांना? तुमच्याकडे माळ्यावर बरंच आवरायचंय म्हणत होतात."

वन्संनी चहाचा कप पटकन खाली ठेवला. "नको गं. तुझ्याकडे रुळलाय तो."

महिना सरत आला. काकूंनी दात-ओठ खाऊन काढला. एवढा कार्यक्रम झाला की हे पुन्हा खाणीत जातील, मग दिवसभर घर आपलं, अशी त्या मनाची समजूत घालत होत्या. तेवढ्यात एका दुपारी टपालकाका मशीनपाशी येऊन उभे राहिले. चेहरा असा, जसा खूप वर्षांनी पत्ता सापडलेल्या पत्राचा असावा.

"तुला सांगू? यंदा येणार तो."

"कोण येणार?"

"निळा. तांब्याचं प्रमाण सापडलंय असं वाटतं. खाणीत चिमूटभर जाळून पाहिलं होतं, डॉक्टर खुर्चीतून उठले. शब्द दिलाय मी, माझ्या लक्षात आहे. निळा आला की खोली रिकामी. तुझा क्लास. आणि मी पूर्ण वेळ तुझ्याबरोबर."

काकूंचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला.

"माझ्याबरोबर म्हणजे कुठे?"

"क्लासमध्ये. मुलींची हजेरी घेईन. मापं सांगेन. कापड निवडून ठेवेन." मग जरा हळू आवाजात, "दुसरं काही असणार नाही ना मग मला."

किती वर्षं काकू त्या क्लासचं स्वप्न बघत होत्या. त्या दिवसापासून स्वप्नातल्या लांब टेबलापाशी, कानावर पेन्सिल खोचून, टपालकाका उभे दिसायला लागले. मुली बाही मागतायत आणि ते विचारतायत, अलीकडची की पलीकडची? काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात हात जोडले की यंदाही हिरवटच येऊ दे. लगेच त्यांची त्यांना लाजही वाटली. नवरा एवढा जीव टाकतोय आणि आपण हे काय मागतोय? मग त्यांनी थोडं बदलून मागितलं. जांभळा आला तरी चालेल.

कार्यक्रमाच्या दिवशी तिन्हीसांजेला खाणीत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. काकू आणि वन्सं शेजारी शेजारी बसल्या. समोर लांबवर वाळूची पोती, त्यांच्या पुढ्यात जमिनीत गाडलेली नळकांडी. डॉक्टर कर्णा घेऊन उभे.

"पुढचा गोळा टपालकाकांचा. सर्वांनी वर बघा. आ करायची गरज नाही."

हा विनोद ते दरवर्षी करायचे. त्यांची बायको एकटी हसली आणि छान म्हणाली.

टपालकाका पोत्यांमागून वाकून बाहेर आले, वातीला पेटती काडी लावली, आणि वाकूनच परत गेले. काकूंना त्यांचं हेल्मेट दिसत होतं, त्यावर ठेवलेले दोन हात दिसत होते. धप्प आवाज झाला. एक ठिणगी सरळ वर चढली, वर चढत राहिली, विझली. सगळ्या खाणीनं श्वास रोखला.

आणि आभाळ निळं झालं.

काकूंच्या खणात निळ्याची जेवढी रिळं होती, तेवढी सगळी त्यांनी मनातल्या मनात त्या रंगाशेजारी धरून पाहिली. हिरव्याचा डाग नाही, जांभळ्याची कड नाही, पांढरटपणा नाही. घेर कसा, तर कुठे चूण कमी नाही, कुठे जास्त नाही. आपण कशाला घाबरत होतो तेच त्यांना घटकाभर आठवेना. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग तारे एकेक करून विझले आणि त्यांना आठवलं.

टाळ्या थांबेनात. वन्संनी त्यांचा दंड धरून गदागदा हलवला.

"निळा गं. निळा आला."

"दिसतंय मला."

"खोली मिळाली तुला. आणि तो घरी, तुझ्या हाताशी. मी जाऊन सांगते त्याला."

"वन्सं, खाली बसा."

"अगं पण..."

"बसा म्हणते ना." काकूंनी त्यांच्या पर्सचा पट्टाच हातात धरून ठेवला.

एवढ्यात डॉक्टर आले. त्यांचे डोळे ओले झाले होते. "काकू, आम्ही कुणी एक शब्द बोलणार नाही. त्याला तुमच्या तोंडून ऐकू दे. इतकी वर्षं तुम्ही हिरव्याला हिरवा म्हणालात म्हणून आज निळ्याला किंमत आहे."

आता झाली का पंचाईत? बाकी काही नाही तरी एक छोटासा हिरवट काकूंच्या जिभेवर येऊन बसला होता, तो त्यांनी गिळला.

टपालकाका पोत्यांमागून निघाले. दरवर्षी ते धावत यायचे. आज चालत येत होते. मध्येच थांबून त्यांनी हातमोजे काढले, एकेक बोट ओढून ओढून. मोज्यांची घडी घातली. घडी मनासारखी झाली नसावी, ती मोडून परत घातली. मग आले.

"आवाज बरा वाटला," ते म्हणाले.

"बरा होता."

"गोल उघडला?"

"गोल. कुठे चूण नाही."

"वा." त्यांनी आभाळाकडे पाहिलं, तिथे आता धूर होता. "वारा कुठला होता? तुमच्या अंगावर कागद नाही ना पडले? तुला गार वाटत असेल तर कोट देऊ का?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस दरवर्षी श्वास घ्यायच्या आधी रंग विचारायचा. आज वारा विचारतोय, कोट विचारतोय.

"अहो, रंग विचारा."

"विचारतो ना. घाई काय आहे?"

"सगळे थांबलेत."

टपालकाकांनी मोजे खिशात घातले. "निळा आला का?"

"आला," काकू म्हणाल्या.

वन्संनी टाळी वाजवली. टपालकाका हसले, हसायचं म्हणून, आणि रिकाम्या खुर्चीवर बसले. लांब कुठेतरी बदली झाल्याचा हुकूम हातात पडल्यावर माणूस बसतो तसे.

"म्हणजे झालंच," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. उद्या सकाळी खोली रिकामी करतो. दुपारपासून तुझ्या मदतीला."

दुपारपासून. काकूंनी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर अजून खळ होती, महिनाभर काम बंद असून. आणि मग त्यांच्यातली शिलाईवाली बोलली.

"कुठला निळा ते नाही विचारलंत."

"निळा म्हणजे निळा."

"असं कुणी म्हणालं तर मी त्याला दारातूनच परत पाठवते. निळा दोरा द्या म्हणे. कुठला निळा? आकाशीपेक्षा गडद होता. शाईपेक्षा बराच फिका. शाळेच्या गणवेशाचा असतो ना, दोन-चार धुण्यांनंतरचा, तो."

टपालकाकांनी हळूहळू मान वर केली. "दोन-चार धुण्यांनंतरचा."

"तोच. खोटं कशाला सांगू? तुमच्या मनातला तोच होता का?"

त्यांनी आधी स्वतःच्या बाहीकडे बघितलं, मग वन्संच्या पर्सकडे, ती तपकिरी होती, मग कुठेतरी लांब.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या मनात होता टपालाच्या कोटाचा. नवा कोट. नोकरीच्या पहिल्या दिवशी घातला होता तो."

हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. काकूंनी तो कोट पुढे कितीदा उसवला होता, कितीदा शिवला होता. रंग त्यांना तोंडपाठ होता.

"तो फार गडद."

"फारच."

"मग तो नव्हता. शप्पथ घेऊन सांगते."

"म्हणजे अजून यायचाय."

"यायचाय तर."

वन्संच्या तोंडाचा चंबू झाला होता. "अरे, पण आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला निळा."

"निळा होता हो वन्सं. पण मापाचा नव्हता."

डॉक्टर काकूंना हळूच बाजूला घेऊन गेले. "काकू, कोटाचा तो रंग म्हणजे जवळजवळ काळा. अंधाऱ्या आभाळात तो दिसणार कसा? कुणाच्या सात पिढ्यांना जमायचा नाही."

"डॉक्टर," काकू म्हणाल्या, "दाताला मसाला भरल्यावर माणसाला किती वेळ तोंड मिटून ठेवायला सांगता तुम्ही?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला, तोंड मिटलं आणि कर्णा घेऊन पुढच्या गोळ्याकडे गेले.

टपालकाका उठून उभे राहिले होते. खिशातले मोजे पुन्हा हातात आले होते. ते बोटांवर काहीतरी हिशोब करत होते, तांब्याचाच असावा.

"तुझा क्लास मात्र परत लांबणार," ते म्हणाले.

"पुढची खोली आहे की. खण काढले तर दोन मशीन बसतील."

"खण मी चांगले केले होते."

"फार चांगले होते. मागच्या खोलीत न्या, नळ्या ठेवायला होतील."

ते त्यांना पटलं. नळ्या लांबीनं लावाव्यात की घेरानं, यावर ते खुर्च्यांच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत बोलत होते. काकू मान डोलवत होत्या. वन्सं मागून पर्स छातीशी धरून येत होत्या.

"उद्या सकाळी लवकरच खाणीत जातो म्हणतो," टपालकाका म्हणाले. "चालेल ना तुला?"

"डबा देते," काकू म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत पुरेल एवढा."